बाबांचं 'बेंटॉल' केलं नाही, फक्त वरची नळी बदलली. अर्धंच ऑपरेशन झालं का?

नंदनवनची_मास्तरीण

नमस्कार. एरवी मी इथे कुंडीतल्या मोगऱ्याबद्दल विचारत असते, आज वेगळंच आहे. लांबेल, सांभाळून घ्या.

बाबा ६१ वर्षांचे. एसटीत ड्रायव्हर होते, तीन वर्षांपूर्वी रिटायर झाले. बीपीची गोळी चालू होती, म्हणजे डब्यात होती. पोटात कधी जायची, कधी नाही. मे महिन्यात पारा ४५ च्या वर असताना दुपारी साडेतीनला ते कूलरमध्ये पाणी भरत होते. आमचा कूलर खिडकीबाहेर उंच स्टँडवर आहे, बादली पार छातीच्या वर उचलावी लागते. तिसरी बादली उचलली आणि तिथेच खाली बसले. "पाठीत कोणी करवत फिरवून राहिलं," एवढंच बोलले. बनियन पिळून काढावी एवढा घाम.

जवळच्या दवाखान्यात ईसीजी काढला, तो बरा आला. ऊन लागलं, गॅस झाला, असं सांगून एक इंजेक्शन देऊन घरी पाठवलं. रात्री आठला पुन्हा तीच कळ, आता मानेत आणि जबड्यात. दुसरीकडे नेलं. तिथली डॉक्टर माझ्या दहावीच्या पोरींएवढी दिसत होती. तिने दोन्ही हातांचं बीपी घेतलं. उजव्यात १७०, डाव्यात ११०. पुन्हा घेतलं, मग पट्टाच बदलून घेतलं, आणि मग ती अक्षरशः धावत गेली. इको, सीटी, आणि तो शब्द: टाइप ए एओर्टिक डिसेक्शन. हृदयातून निघणारी मुख्य धमनी आतून फाटली होती.

रात्री अकराला आत घेतलं, सकाळी सातला बाहेर. भावाच्या क्रिकेटच्या टीममधली नऊ पोरं रात्री दीडला रक्त द्यायला रांगेत उभी होती, ते मी जन्मात विसरणार नाही.

बाबा वाचले. सहा आठवडे झाले. घरात चालतात, भात कमी वाढला की कुरकुरतात, म्हणजे ठीकच.

आता प्रश्न. डिस्चार्ज कार्डावर लिहिलंय: सुप्राकोरोनरी ॲसेंडिंग एओर्टा आणि हेमिआर्च रिप्लेसमेंट, एओर्टिक व्हॉल्व्ह रिसस्पेन्शन. परवाच्या इकोत रूट ४१ मिमी, झडपेची गळती 'माइल्ड'. पुण्याचा मामेभाऊ भेटायला आला, कार्ड वाचलं आणि बाबांसमोरच म्हणाला, "रूट तसंच ठेवलं? बेंटॉल करायला हवं होतं. तुमच्याकडे होत नसेल." तो औषध कंपनीत आहे, त्यामुळे आमच्या नातेवाइकांत त्याला अर्धा डॉक्टरच समजतात.

तेव्हापासून बाबा रोज रात्री विचारून राहिले, "काहून वं, अर्धंच काम केलं का माह्यं?" मला उत्तर येत नाही. सर्जनची पुढची तारीख अजून पंधरा दिवसांनी आहे. तोवर कोणी समजावून सांगेल का? रूट बदलणं आणि रूट दुरुस्त करणं यात नेमका फरक काय, आणि बाबांचं राहून गेलंय का काही?

सरळ_बोलतो

ताई, वाईट वाटून घेऊ नका, पण भाऊ बरोबर बोलला. बेंटॉल केलं की रूटचा विषय कायमचा संपतो. अर्धवट ठेवलेली फाटकी भिंत आज ना उद्या त्रास देणारच. फाइल घेऊन मुंबई गाठा.

पंपवाले_काका

मास्तरीणबाई, आधी मी कोण ते सांगतो. मी डॉक्टर नाही. ऑपरेशन चालू असताना हृदय-फुप्फुसांचं काम करणारं हार्ट-लंग मशीन ३१ वर्षं चालवलं. पदाचं नाव परफ्युजनिस्ट, ओटीत मात्र सगळे 'पंपवाले'च म्हणायचे. आता धरमपेठेत नातवाला शाळेत सोडतो. तेव्हा मी सांगतो ते मशीनमागच्या खुर्चीवरून पाहिलेलं आहे, सर्जनच्या चष्म्यातून नाही. तुमच्या बाबांची फाइल मी पाहिलेली नाही, शेवटचा शब्द तुमच्या सर्जनचाच.

रूट म्हणजे धमनी हृदयातून निघते तिथला फुगीर बुंधा. मोठ्या लिंबाएवढा. त्यात तीन पाकळ्यांची झडप, पाकळ्यांमागे तीन कप्पे, आणि त्यातल्या दोन कप्प्यांतून हृदयाला स्वतःला रक्त पुरवणाऱ्या दोन कोरोनरी निघतात. डिसेक्शनमध्ये आतला थर फाटतो, रक्त भिंतीच्या आत घुसतं आणि थर सोलत जातं. वर मानेकडे, खाली पोटाकडे, आणि मागे झडपेकडेही.

आता लग्नाचा मांडव डोळ्यांपुढे आणा. झडपेच्या पाकळ्या भिंतीला जिथे धरलेल्या असतात ते तीन कोपरे म्हणजे मांडवाचे खांब. भिंत सोलली की खांब खचतात, कापड झोळतं, आणि रक्त परत हृदयात गळतं. पण बहुतेक वेळा कापड फाटलेलं नसतं! पाकळ्या धडधाकट असतात. खांब उभे करून टाके घेतले की मांडव पुन्हा ताठ. तुमच्या कार्डावरचं 'रिसस्पेन्शन' ते हेच. सोबत सोललेले थर परत एकमेकांना भिडवतात, मध्ये किंवा बाहेरून टेफ्लॉन फेल्टची पट्टी घालून शिवतात, आणि त्याच्या वर, कोरोनरींच्या वरच्या बाजूला, डेक्रॉनची, म्हणजे कृत्रिम कापडाची नळी जोडतात. म्हणून 'सुप्राकोरोनरी'.

बेंटॉलमध्ये अख्खा बुंधाच काढतात. झडप कापायची, तिन्ही कप्प्यांच्या भिंती कापायच्या, कोरोनरींची तोंडं शर्टाच्या बटनासारखी गोल कापून बाजूला ठेवायची (ओटीत त्यांना 'बटन'च म्हणतात), मग झडप बसवलेली नळी खाली शिवायची आणि दोन्ही बटनं त्या नळीला भोक पाडून जोडायची. लंडनच्या हॅमरस्मिथमध्ये ह्यू बेंटॉल आणि अँटनी डी बोनो यांनी हे केलं आणि १९६८ मध्ये छापलं. अप्रतिम ऑपरेशन आहे, माझ्यासमोर कितीतरी झाली. 'नागपुरात होत नाही' हे तर तुमच्या भावाला माझ्यातर्फे सांगाच, की होतं. दिवसाढवळ्या ठरवून होतं आणि रात्री तीनलाही होतं.

पण ताजं डिसेक्शन म्हणजे भिजलेल्या वर्तमानपत्राला सुई-दोरा घालायचा. सुई जाते, गाठ मारली की कागद फाटतो. बेंटॉलमध्ये असे टाके वाढतात आणि ते खोल जागी असतात. क्लॅम्प काढल्यावर बुंध्याच्या मागच्या बाजूने किंवा डाव्या बटनातून रक्त यायला लागलं तर तिथे हात पोचत नाही. तिथे पोचायला हृदय उचलावं लागतं, आणि उचललं की ते रुसतं. मी सर्जनना तासन्‌तास नुसतं गॉझ दाबून उभं राहिलेलं पाहिलंय, कोणी एक शब्द बोलत नाही. वरच्या नळीचा जोड मात्र समोर दिसतो, गळला तर एक टाका घालता येतो.

शिवाय वेळ. हेमिआर्च, म्हणजे धमनीच्या कमानीचा खालचा भागही बदलायचा, तर शरीर थंड करावं लागतं. बाहेर नागपूर ४६ आणि आत पेशंट २४ अंशांवर! मेंदूला वेगळी लाइन देऊन बाकी शरीराचं रक्त थोडा वेळ चक्क थांबवायचं. मग परत गरम करायचं, हळूहळू, घाई केली की मेंदूला त्रास. त्यात बेंटॉलचा तास-दीड तास वाढला की पंपाचा वेळ वाढतो, रक्त गोठायची ताकद आणखी कमी होते, किडनी कुरकुरते. आम्ही शिकलो तेव्हा सांगायचे, की ऑपरेशन नाही झालं तर पहिल्या दोन दिवसांत दर तासाला शंभरातले एक-दोन जातात. तुमचे बाबा साडेतीनपासून अकरापर्यंत तसेच होते. त्या रात्रीच्या सर्जनपुढे पहिला प्रश्न 'माणूस टेबलावरून जिवंत उतरेल का' हा असतो. वीस वर्षांनी रूट कसं असेल हा नंतरचा.

मग रूट कोणाचं बदलतात? ज्याचा चिरा रूटमध्येच आहे. ज्याचा बुंधा आधीपासून फुगलेला आहे, साधारण ४५ मिमीच्या पुढे. ज्याला मार्फानसारखा आनुवंशिक आजार आहे. ज्याच्या कोरोनरीचं तोंडच उखडलंय किंवा भिंतीची इतकी चिंधी झालीय, की शिवायला काही उरलं नाही. २०२२ च्या अमेरिकन मार्गदर्शक सूचनाही याच अंगाने जातात: थोडंफार सोललेलं रूट आणि पाकळ्या चांगल्या असतील तर दुरुस्ती, उद्ध्वस्त किंवा फुगलेलं असेल तर बदल.

सरळ_बोलतो यांना एक मान्य करतो. दुसऱ्यांदा छाती उघडणं हे पहिल्यापेक्षा वाईट काम. सगळं चिकटलेलं असतं, करवत चालवतानाच जीव मुठीत. त्यामुळे पेशंट तिशीतला असेल, बुंधा मोठा असेल, तर सर्जन रात्रीसुद्धा बेंटॉलची जोखीम घेतात आणि बरोबरच करतात. पण 'बेंटॉलवाले किती जगले आणि दुरुस्तीवाले किती' अशी नुसती तुलना लावू नका. चिठ्ठ्या टाकून कोणी ऑपरेशन ठरवत नाही. बेंटॉल मिळतं ते तरुणांना आणि मोठ्या बुंध्यांना, दुरुस्ती मिळते ती म्हाताऱ्यांना किंवा ज्यांचं रूट मुळात बरं होतं त्यांना. ती दोन वेगळी माणसं आहेत.

पूर्वी थर चिकटवायला फॉर्मालिनवाला गोंद वापरायचे. चिकटायचं झकास. काही वर्षांनी तिथलीच भिंत सडून पुन्हा सुटल्याच्या केसेस जगभर आल्या. दुरुस्तीची बदनामी झाली त्यात या गोंदाचाही हात आहे असं मला वाटतं.

६१ वय, ४१ मिमी रूट, माइल्ड गळती. कार्डावरच्या एवढ्या माहितीवर, माझ्या अल्पमतीप्रमाणे, ही दुरुस्तीचीच केस. ऑपरेशन नोटची प्रत मागा आणि दोन गोष्टी वाचा: चिरा कुठे होता, आणि पंपावरून उतरल्यावर टीईईत गळती किती होती. अन्ननलिकेतून प्रोब घालून तिथल्या तिथे बघतात. गळती जास्त दिसली असती तर त्यांनी पुन्हा पंपावर घेतलं असतं.

आणखी एक, बाबांना गोष्ट म्हणून सांगा. ह्यूस्टनचे मायकेल डीबेकी, ज्यांनी डेक्रॉनच्या नळ्या बायकोच्या शिवणयंत्रावर शिवून पाहिल्या आणि ज्यांचा रोलर पंप पुढे आमच्या मशीनमध्ये आला, त्यांना स्वतःला ३१ डिसेंबर २००५ ला हेच झालं. वय ९७. आयुष्यभर जे ऑपरेशन केलं तेच स्वतःवर करून घ्यायला आधी नकार दिला. फेब्रुवारी २००६ मध्ये शेवटी झालं आणि गडी ९९ पर्यंत जगला.

टिकटिक_मनीषनगर

काकांनी शास्त्र सांगितलं, मी 'पूर्ण ऑपरेशन' झालेला माणूस. उंची सहा फूट तीन इंच, बोटं अशी लांब की कॉलेजात सगळे म्हणायचे तबला शिक. वयाच्या ३४ व्या वर्षी डिसेक्शन झालं, तेव्हा कळलं की हे मार्फान आहे. रूट ५८ मिमी. माझ्या बाबतीत प्रश्नच नव्हता, बेंटॉल, धातूची झडप.

सर्जन नंतर म्हणाले, की दिवसाची वेळ असती आणि मी स्थिर असतो तर झडप ठेवून फक्त भिंत बदलायचा विचार केला असता. टोरांटोच्या टिरोन डेव्हिड यांनी १९९२ मध्ये छापलेली पद्धत, 'डेव्हिड' म्हणतात. पण माझं बीपी ७० होतं. रात्रीच्या त्या वेळी कलाकुसर नको, असं ते म्हणाले. मला पटलं.

आता 'विषय कायमचा संपतो' याबद्दल. रूटचा संपला, कबूल. दुसरा सुरू झाला. रक्त पातळ करायची गोळी ॲसिट्रोम रोज संध्याकाळी सातला, आयुष्यभर. आयएनआर, म्हणजे रक्त किती पातळ आहे त्याचा आकडा, दोन ते तीनच्या मध्ये ठेवायचा. संक्रांतीला आईकडे पालक, मेथी, चवळी असं आठवडाभर ओरपलं आणि आयएनआर १.६ वर. अक्कलदाढ काढायची तर दंतवैद्य, हृदयवाले आणि मी यांची तीन दिवस फोनाफोनी. डोकं आपटलं तर बर्फ लावून भागत नाही, सीटी काढायला पळायचं. आणि रात्री लाइट गेली, पंखा बंद झाला, की अंधारात माझी झडप ऐकू येते. बायको म्हणते, तू झोपलास की भिंतीवरचं घड्याळ उतरवून ठेवलं तरी चालेल.

तक्रार नाही. या टिकटिकीमुळेच मुलीचं बारसं पाहिलं. पण ६१ व्या वर्षी स्वतःची झडप शाबूत राहिली असेल तर त्याला अर्धं काम म्हणू नका हो. आणि धातूऐवजी प्राण्याच्या ऊतींची झडप घातली असती तर रक्त पातळ करायची कायमची कटकट नाही, पण ती दहा-पंधरा वर्षांत झिजते. फुकट काहीच नाही.

ताई, एक विचारतो. तुमचा आणि भावाचा इको झाला का? सख्ख्या नातलगांचा करून घ्यायला सांगतात. माझ्या मुलीचा दरवर्षी होतो.

नंदनवनची_मास्तरीण

काका, तुमचं उत्तर मी बाबांना मोठ्याने वाचून दाखवलं. मांडवाचं त्यांना लगेच कळलं, आयुष्यभर वऱ्हाडाच्या गाड्या चालवल्या त्यांनी. टिकटिकदादा, माझा आणि भावाचा इको शनिवारी ठरवला. आधी कोणी म्हणालंच नव्हतं. किंवा म्हणाले असतील, त्या दिवसांत माझ्या डोक्यात काही शिरत नव्हतं.

दोन गोष्टी अजून विचारते. रूट ठेवलंय तर लक्ष कशावर ठेवायचं? आणि मागच्या आठवड्यात खोकला झाला म्हणून कोपऱ्यावरच्या मेडिकलवाल्याने लेवोफ्लॉक्सासिन दिली, तीन गोळ्या घेतल्या बाबांनी. चालतं ना?

पंपवाले_काका

ती गोळी आजच थांबवा आणि सर्जनच्या ऑफिसला फोन करून सांगा. सिप्रो, लेवो, ऑफ्लॉक्स या घराण्यातल्या गोळ्यांबद्दल अमेरिकेच्या एफडीएने डिसेंबर २०१८ मध्ये इशारा दिलाय, की ज्यांची महाधमनी कमजोर आहे त्यांनी दुसरा काही पर्याय असेल तर या घेऊ नयेत. तीन गोळ्यांनी आभाळ कोसळत नाही, घाबरू नका. पण आपल्याकडे ही औषधं चिवड्यासारखी वाटतात, म्हणून कार्डावर लाल पेनाने लिहून ठेवा. खोकलाही दाबून ठेवू नका, डॉक्टरला दाखवा. जोराचा खोकला म्हणजे बीपीला धक्काच.

लक्ष कशावर: बीपी. बीपी. आणि बीपी. गोळी डब्यात नको, पोटात. किती ठेवायचं तो आकडा सर्जनकडून लिहून घ्या आणि घरी यंत्र आणा. मोजायचं ते उजव्या हातावर, तुमच्या बाबांचा डावा हात खोटं बोलतो. मग ठरलेल्या तारखांना सीटी आणि इको. त्यात तीन गोष्टी बघतात: रूट ४१ वरून वाढतंय का, माइल्डची मॉडरेट होतेय का, आणि दुरुस्त केलेल्या जागी थर पुन्हा सुटलेत का. आणि हो, हेमिआर्चच्या पुढे, छातीतून पोटात जाणाऱ्या धमनीत सोललेला थर बऱ्याच जणांत तसाच राहतो. बेंटॉल केलं असतं तरी तो तिथेच राहिला असता. हे तुमच्या मामेभावाला ठाऊक नसावं.

सरळ_बोलतो

मी आधी तिखट लिहिलं. माझ्या काकांची झडप पुन्हा गळायला लागली, सात वर्षांनी दुसरं ऑपरेशन झालं, त्यातून ते आले नाहीत. तेच डोक्यात होतं.

पंपवाले_काका

तसं होतं, भाऊ. नाही म्हणत नाही. म्हणूनच तारखा चुकवू नका म्हणतो.

नंदनवनची_मास्तरीण

पंधरा दिवसांनी लिहिते आहे. सर्जनकडे जाऊन आलो. काकांनी सांगितलं तशी ऑपरेशन नोट मागितली. मला वाटलं चिडतील, पण त्यांनी सीटीच्या पाकिटामागे पेनाने चित्रच काढून दिलं. चिरा रूटच्या वर दोन सेंटीमीटरवर होता. तीन कप्प्यांपैकी ज्यातून कोरोनरी निघत नाही तो एकच थोडा सोललेला होता, तिथे फेल्ट घालून शिवला. कोरोनरींची तोंडं शाबूत. पंपावरून उतरल्यावर टीईईत गळती नाहीच्या बरोबर. "रूट ४८ असतं तर मी तुम्हाला रात्री बाहेर येऊन वेगळंच सांगितलं असतं," म्हणाले. त्या रात्री ते खरंच बाहेर येऊन काहीतरी बोलले होते. मी फक्त त्यांच्या चपलांकडे बघत होते.

लेवोचं सांगितलं तर कपाळाला हात लावला आणि दुसरी गोळी दिली. बीपी १२० च्या आसपास ठेवायचं, पाच किलोच्या वर काही उचलायचं नाही. पुढचा सीटी नोव्हेंबरमध्ये. माझा आणि भावाचा इको नॉर्मल.

पाच किलो म्हटल्याबरोबर आईने कूलरची बादली गच्चीवर कुलपात टाकली. भावाने नळावरून पाइप ओढून कूलरच्या टाकीत फ्लोट व्हॉल्व्ह बसवून घेतला, पाणी आपोआप भरतं. बाबा खुर्ची टाकून प्लंबरचं काम बघत बसले होते. काल मामेभावाचा फोन आला, तर हा माणूस स्वतः बोलला त्याच्याशी: "वॉल बसवला ना बाप्पा! मले नाही, कूलरले."